यादी डब्यापाशी बसून करावी: चौघांच्या घराचं वाणसामान आणि आठवड्याचा स्वयंपाक

चौघांच्या घरात दोन्ही वेळच्या मिळून १६ पोळ्या होत असतील तर महिन्याला गहू किती आणायचा? मध्यम आकाराच्या एका घडीच्या पोळीला साधारण ३५ ग्रॅम पीठ जातं. १६ पोळ्यांना ५६० ग्रॅम, आणि ३० दिवसांना १६ किलो ८०० ग्रॅम. आठवड्यातून दोन रात्री भाकरी असेल तर त्या आठ रात्रींच्या पोळ्यांचं सव्वादोन किलो पीठ वजा करा. उरतं साडेचौदा किलो. निवडताना आणि दळताना थोडी घट येते, म्हणून १५ किलो. त्या आठ रात्री प्रत्येकी सहा भाकऱ्या, एका भाकरीला ६५ ग्रॅम पीठ, म्हणजे ज्वारी सुमारे तीन किलो.

वाणसामानाची सगळी यादी याच रीतीने निघते. पदार्थाला एका वेळी किती लागतं आणि तो महिन्यात किती वेळा होतो, एवढंच बघायचं. बहुतेक घरांत यादी मागच्या महिन्याच्या बिलावरून किंवा दुकानात समोर दिसेल त्यावरून होते. मग साबुदाणा दोन महिने पडून राहतो आणि तूरडाळ २२ तारखेलाच तळाला जाते. म्हणून यादी करायला बसायचं ते डब्यांपाशी.

आधी आपल्या घरातली वाटी एकदा वजनकाट्यावर ठेवा. १५० मिलिलिटरच्या वाटीत तूरडाळ सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बसते, तांदूळही जवळपास तेवढाच, पण बेसन जेमतेम ७५ ते ८० ग्रॅम. जाडे पोहे त्याहून हलके. वाट्यांवर हिशोब केला की बेसन आणि पोहे नेहमी जास्त येतात, त्याचं कारण हे. आपल्या वाटीत काय किती बसतं ते कागदाच्या पट्टीवर लिहून त्या त्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.

चौघांसाठी एका वेळची ढोबळ मापं अशी धरता येतील. वरण किंवा आमटीला १०० ग्रॅम डाळ. भाताला माणशी ४० ते ५० ग्रॅम तांदूळ. उसळीला २०० ग्रॅम कोरडं कडधान्य. कांदेपोह्यांना २५० ते ३०० ग्रॅम पोहे, उपम्याला २२५ ग्रॅम रवा. साबुदाण्याच्या खिचडीला २५० ग्रॅम साबुदाणा आणि त्याच्या निम्म्याला थोडं कमी दाण्याचं कूट. पिठल्याला दीड वाटी बेसन. घरातल्या भुकेप्रमाणे यात फरक पडणारच. वाढत्या वयाची मुलं असतील तर पोळ्या आणि भाताचा आकडा दर सहा महिन्यांनी नव्याने मोजावा लागतो.

पोहे आठवड्यातून एकदा होत असतील तर महिन्याला सव्वा किलो. उपमा पंधरवड्यातून एकदा असेल तर त्यासाठी रवा अर्ध्या किलोपेक्षाही कमी, शिऱ्यासाठी पाव किलो वेगळा. संकष्टी आणि दोन एकादश्या धरून साबुदाणा पाऊण किलो. एकदा तासभर बसून हे केलं की पुढे वर्षभर फक्त दुरुस्त्या उरतात.

या यादीतून घराच्या पोटात काय जातं?

यादी पैशांसाठी तपासली जाते, आहारासाठी फारशी कोणी तपासत नाही. खरं तर महिन्याच्या यादीइतका घरच्या आहाराचा चोख पुरावा दुसरा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २,००० कॅलरींच्या ताटात दिवसाला माणशी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. याला चार माणसांनी आणि ३० दिवसांनी गुणलं की आपली यादी ताडून बघता येते. घरात लहान मुलं असतील तर आकडे थोडे खाली धरा.

तेल-तूप मिळून सव्वातीन किलो, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर तळण आणि फोडणी दोन्हीकडे बघायला हवं. मिठाची मर्यादा दिवसाला माणशी ५ ग्रॅम, चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. लोणचं, पापड, फरसाण आणि पावातलं मीठ यातच आलं. त्यामुळे घरात किलोचा पुडा दर महिन्याला संपत असेल तर तो जास्तच आहे. साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असेल तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे माणशी २५ ग्रॅम. चौघांना महिन्याला तीन किलो, आणि त्यात बिस्किटं, सरबतं, जॅम, गूळ सगळं धरायचं.

खरी उणीव दिसते ती डाळींत. ८५ ग्रॅमच्या हिशोबाने चौघांना महिन्याला दहा किलो डाळी-कडधान्यं लागतात. मांस, मासे, अंडी खाणाऱ्या घरात यातला काही भाग त्यांनी भरून निघतो. शाकाहारी घरात मात्र सगळ्या डाळींची बेरीज पाच-सहा किलोवर थांबली असेल, तर भात-पोळीने पोट भरतं आहे आणि प्रथिनं कमी पडताहेत असं समजावं.

दहा किलो ऐकायला प्रचंड वाटतं, पण फोडून बघा. रोज एकदा १०० ग्रॅमची आमटी किंवा वरण: तीन किलो. आठवड्यातून तीनदा उसळ: अडीच किलो. पिठलं, कढी, पीठ पेरलेल्या भाज्या, धिरडी यांना बेसन एक किलो. कोबीत, दुधीत, वाटल्या डाळीत हरभराडाळ एक किलो. इडली-डोशाला उडीदडाळ पाऊण किलो. खिचडीला मूगडाळ अर्धा किलो. झाले पावणेनऊ किलो. उरलेलं थालिपिठाची भाजणी, डाळ्यांची चटणी आणि मेतकूट यांतून येतं. आपल्या स्वयंपाकात डाळ घालायला जागा भरपूर आहेत. आठवड्याच्या आखणीत त्या पक्क्या ठरवल्या नाहीत की मात्र हटकून बटाट्याची भाजी होते.

आणि चौघांचं माप काढताना चौथी व्यक्ती म्हणजे आई स्वतः, हे विसरू नका. हे मी फार कळकळीने लिहिते आहे. भाजी तिघांपुरती केली जाते, शेवटी पातेल्यात जे राहील ते आईचं. मग पोळी लोणच्याशी खाल्ली जाते, आणि हे रोज होतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. शिजवण्याचं माप चार जणांचं आणि वाढताना चारही ताटं एकदम, एवढा बदल यादीवर फार खर्च न वाढवता होतो. पालेभाजी, हळीव, कडधान्यं यांतलं लोह अंगी लागावं म्हणून त्या जेवणात लिंबू पिळावं, आणि चहा जेवणानंतर तासभर तरी लांब ठेवावा. चहातली टॅनिनं लोह शोषू देत नाहीत.

भाजी कोणत्या क्रमाने संपवायची

माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना आठवड्याला अकरा किलो भाजी, बटाटा सोडून. साल, देठ, शेंगांच्या शिरा जाऊन हातात त्याहून कमी येते. एका आठवड्याची पिशवी साधारण अशी भरेल: मेथीची एक आणि पालकाची एक जुडी, कोथिंबीर दोन लहान जुड्या, भेंडी अर्धा किलो, वांगी अर्धा, दोडका अर्धा, फ्लॉवरचा एक गड्डा, दुधी एक, कोबी एक किलो, लाल भोपळ्याची अर्ध्या किलोची फोड, गाजर अर्धा, बीट पाव, काकडी एक किलो, टोमॅटो दीड, कांदा दोन किलो. वर मिरची, आलं, लिंबं, कढीपत्ता.

आठवड्याचा बेत ‘सोमवारी काय खावंसं वाटेल’ असा आखला की निम्म्या वेळा मोडतो. कोणती भाजी आधी खराब होईल, त्यावर बेत बांधायचा. पातळ पानांतून पाणी सगळ्यात लवकर उडतं, म्हणून पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत. मग भेंडी, कारण ती चौथ्या दिवसापासून जून आणि चिकट होऊ लागते. त्यानंतर फ्लॉवर, वांगी, दोडका. जाड सालीच्या आणि घट्ट गड्ड्याच्या भाज्या, म्हणजे दुधी, कोबी, भोपळा, गाजर, बीट, शेवटच्या तीन दिवसांना ठेवायच्या. मधल्या एका आणि शेवटच्या दिवशी उसळ. ती भाजीवर अवलंबून नाही, त्यामुळे आठवडा कुठे घसरला तरी तिथे सावरता येतो.

उदाहरणार्थ, रविवारी मंडई केली तर सोमवारच्या डब्याला मूगडाळ घालून मेथी, मंगळवारी भेंडी, बुधवारी मटकीची उसळ. गुरुवारी येताजाता एक छोटी खरेदी करून ताजी पालेभाजी. शुक्रवारी दोडका किंवा भरली वांगी. शनिवारी हरभराडाळ घालून दुधी किंवा कोबी. रविवारी वालाचं बिरडं किंवा छोले. फ्लॉवर-गाजर-मटार मसालेभातात किंवा रात्रीच्या खिचडीत जातात. भोपळ्याचं भरीत, काकडी-बीटच्या कोशिंबिरी मधेमधे येतात. पालेभाजी आठवड्यातून दोनदा हवी असेल तर ती दोनदा आणावी लागेल. शनिवारपर्यंत पालक ताजा ठेवणारी युक्ती मला तरी ठाऊक नाही.

रस्साभाजी डब्याला देऊ नका, तेलासकट दप्तरात उतरते. ती रात्रीला. डब्याला कोरडी भाजी, आणि ती पूर्ण वाफ गेल्यावरच भरायची. गरम भाजीवर झाकण लावलं की वाफेचं पाणी पोळीत शिरतं आणि दुपारपर्यंत आंबूस वास येतो.

घरी आल्यावरचा पाऊण तास सगळ्यात मोलाचा. मेथी त्याच दिवशी निवडा, पण धुऊ नका. कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि करायच्या वेळी तीन पाण्यांतून धुवा. पानांवर पाण्याचा थर राहिला की ती तिथूनच काळी पडून सडतात. भेंडी कापडाने पुसून ठेवा. मिरच्यांची देठं काढा, कारण बुरशी आधी देठाशी धरते. भोपळ्याच्या फोडीतल्या बिया आणि मऊ गाभा काढून टाका, तिथून ती नासते. बटाटे फ्रिजमध्ये नकोत, थंडीने त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना काळपट पडतात. कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका. बटाट्याच्या ओलाव्याने कांदा सडतो, आणि बटाट्याला मोड लवकर येतात.

भाजी आणायला घरातलं दुसरं कोणी जाणार असेल तर चिठ्ठीवर ‘भेंडी’ एवढंच लिहून भागत नाही. ‘भेंडी अर्धा किलो, टोक वाकवल्यावर कट्कन मोडणारी. दुधी एक, नख सहज रुतणारा. वांगी लहान, हाताला हलकी, देठ हिरवा. कोबी आकाराच्या मानाने जड. मेथी बारीक पानांची.’ असं लिहून दिलं तर नवखा माणूसही चांगली भाजी आणतो, आणि दोन-तीन खेपांनी त्याला चिठ्ठी लागतच नाही. पुरुषांना, मुलांना भाजी कळत नाही, हे मला मान्य नाही. शिकवलेली नसते.

भिजत घालायचं घड्याळ

ठरलेला बेत बहुतेक वेळा आदल्या रात्री मोडतो, कारण भिजत घालायचं राहून जातं. म्हणून फ्रिजवरच्या कागदावर पदार्थाच्या वारापेक्षा भिजत घालायचा वार मोठा लिहा.

बुधवारी सकाळी डब्याला मटकीची उसळ हवी असेल तर सोमवारी रात्री मटकी भिजत पडली पाहिजे. मंगळवारी सकाळी निथळून ओल्या पातळ फडक्यात सैल बांधायची. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, तेव्हा मंगळवारी रात्रीच ती फ्रिजमध्ये जाईल. थंडीत बुधवार सकाळपर्यंत चोवीस तास लागतात. फार घट्ट बांधलं की आत हवा पोचत नाही, कडधान्य बुळबुळीत होतं आणि वास मारतं. तळाशी पाणी साचलं तरी तेच. मोड उशिरा येत असतील तर दिवसातून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून पुन्हा बांधा.

वालाला सगळ्यात जास्त वेळ. रविवारच्या बिरड्यासाठी गुरुवारी रात्री भिजवायचे, शुक्रवारी सकाळी बांधायचे, शनिवारी रात्री कोमट पाण्यात घालून सोलायचे. हे सोलणं चार हातांनी वीस मिनिटांत होतं. दोन हातांवर सोडलं की वाल हळूहळू यादीतूनच जातात. छोले आणि राजम्याला मोडांची गरज नाही, रात्रभर भिजणं पुरतं. पण राजम्याचं भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं आणि तो कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवायचा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात.

इडलीचं पीठ उन्हाळ्यात सात-आठ तासांत फुगतं, डिसेंबरात बारा ते चौदा तास घेतं. रविवारी सकाळची इडली थंडीत शनिवारी दुपारी वाटली गेली पाहिजे, रात्री उशिरा वाटून चालत नाही.

उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ दे. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूचं विष फोडणी देऊनही जात नाही. सकाळचा फोडणीचा भात करायचाच असेल तर हे पाळावंच.

डबे, किडे आणि पावसाळा

डाळीला कीड लागली की आपण दुकानदाराला बोल लावतो. कधी ते खरंही असतं, अंडी धान्याबरोबरच येतात. पण ती वाढतात ती आपल्या डब्यात, आणि मुख्य कारण एकच: जुन्यावर नवं ओतणं. तळाशी उरलेल्या दोन मुठींतले सोंडे आणि अळ्या नव्या दोन किलोंत शिरतात. डबा रिकामा करा, कोरड्या फडक्याने कोपरे पुसा, ऊन दाखवा, त्यात नवं भरा आणि जुनं वेगळ्या बरणीत ठेवून आधी संपवा.

मूग, चवळी, हरभरे यांच्या दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी आहेत. ते सामान घेऊ नका. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळण्याची रीत याचसाठी आहे. तेलाचा थर अंड्यांना हवा मिळू देत नाही आणि भुंग्याला नवी अंडी चिकटवता येत नाहीत. किलोला एक-दीड चहाचा चमचा पुरतो. शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने धुवायची. रवा आणल्या आणल्या कोरडा भाजून, गार करून भरला तर जाळी धरत नाही. बेसन आणि मैद्याची पिशवी बंदच्या बंद तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवली तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडायची नाही, नाहीतर पिठाला पाणी सुटतं.

उन्हात वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरणं ही हमखास होणारी चूक. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि महिनाभरात कुबट वास येतो. सावलीत रात्रभर पसरून मगच भरावं. गहू पुरेसा वाळला का, हे दाताखाली कळतं: कट् असा आवाज आला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. गिरणीतून आलेलं गरम पीठही झाकण उघडं ठेवून गार करायचं.

कडुनिंबाची वाळलेली पानं, बिब्बे, सुक्या मिरच्या धान्यात खुशाल घाला. पण गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि आणू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो, आणि अशा दुर्घटनांत घरंच्या घरं गेली आहेत.

दळणाचं म्हणाल तर गहू एका वेळी पाच किलो. वरच्या हिशोबाने तो नऊ-दहा दिवस पुरतो. ज्वारीचं पीठ त्याहून कमी, कारण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरते. बाजरीचं पीठ तर एका वेळी किलोभरच. बाजरीत स्निग्धांश जास्त, दळल्यावर तो लवकर खवट होतो, आणि दहा दिवसांत भाकरी कडवट लागते.

भगरीबद्दल वेगळं सांगावंसं वाटतं. ओलसर भगरीवर बुरशी वाढून तिचं विष तयार होतं, आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. अन्न व औषध प्रशासनानेही त्याबद्दल सूचना काढलेल्या आहेत. भगर पाकीटबंदच घ्या, तारीख बघा, सुटं पीठ घेऊ नका. हवं तेवढंच घरी दळा, आणि गेल्या नवरात्रातली उरलेली भगर यंदा वापरू नका.

काय कधी भरून ठेवायचं

हळद, मिरची, धणे यांचा नवा माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतो. चिंच आणि नवा गहू मार्च-एप्रिलात, कोकम मेमध्ये. तुरीचं पीक डिसेंबरपासून येतं, म्हणून डाळ भरायची ती फेब्रुवारी-मार्चला. नवा तांदूळ दिवाळीनंतर येतो, पण त्याचा भात गिचका होतो, पाणी कमी घालावं लागतं. मोकळ्या भातासाठी जुना कोलमच मागा. साठवणीचा कांदा म्हणजे एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा टिकत नाही. जाड मानेचे आणि दुभाळके कांदे वेगळे काढून आधी वापरायचे, बाकीचे जाळीवर पातळ पसरायचे.

कोकणात आगोटीचं आणि गोव्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान मे महिन्यात भरलं जातं, त्यात सुक्या मासळीला मान असतो. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मासे खाणाऱ्या घराने जवळा, सुके बोंबील, बांगडे मेच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन कडक ऊन दाखवून बंद करावेत.

वर्षाचं भरणं सगळ्यांनी करावंच असं नाही. मुंबईसारख्या दमट हवेत, दोन खोल्यांच्या घरात ५० किलो गहू ठेवण्यापेक्षा तीन महिन्यांचा घ्यावा. भाव थोडा जास्त पडतो, पण किडलेलं दहा किलो धान्य त्याहून महाग. जुलै ते सप्टेंबर तर महिन्यापुरतंच आणा, ऊन दाखवायची सोयच नसते.

दुकानात किमती बघताना पाकिटाच्या आकारावर जाऊ नका. २०२२ पासून ठरावीक वजनाचीच पाकिटं काढायचं बंधन गेलं, त्यामुळे एकसारखी दिसणारी पाकिटं वेगळ्या वजनांची असतात. त्याच सुमारास दर ग्रॅममागची किंवा किलोमागची किंमत छापणं आलं. छापील किमतीजवळच ती बारीक अक्षरांत असते. तुलना तिचीच करा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. शेजारी ८०० ग्रॅमचा पाउच दहा रुपयांनी स्वस्त दिसत असेल तर भागाकार करून बघा. आणि तेल, साखर, बिस्किटं यांवर ‘एकावर एक मोफत’ असेल तर थांबा. या तीन गोष्टी घरात जास्त असल्या की जास्तच संपतात.

महिन्याचे शेवटचे पाच दिवस दूध, दही आणि एखादी पालेभाजी सोडून काहीही आणायचं नाही. उरलेल्या सगळ्या डाळी मूठमूठ घेऊन मिश्र डाळीची आमटी किंवा भिजवून-वाटून धिरडी करा. पिठांच्या तळाची थालिपिठं होतील, अर्धा गड्डा कोबी आणि शेवटचं गाजर त्यातच किसून जाईल. मग प्रत्येक डब्यात किती उरलं ते वजन करून कागदावर लिहा. एखादी जिन्नस लागोपाठ तीन महिने उरली तर यादीत तेवढी कमी करा, लागोपाठ दोनदा २५ तारखेच्या आत संपली तर वाढवा. हा कागद स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावा, दोरीने पेन्सिल बांधून. डब्यात दोन बोटं सामान राहिलं की ज्याच्या हातात डबा असेल त्याने तिथे नाव लिहायचं, मग तो घरातला कोणीही असो.